हशा कुठून येतो? (वसंत सबनीसांच्या निमित्ताने)

यंदा गॅदरिंगचं स्किट लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी चांदूर बाजारची. घरी वऱ्हाडी, शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे पुस्तकी मराठी कच्चंच. (चुका सरांनी सांभाळून घ्याव्यात.) पहिल्या मसुद्यात एक खेड्यातला पोरगा घेतला आणि त्याच्या तोंडी नुसतं "काऊन बे" टाकत गेले. वाचनाला सगळे पोट धरून हसले. मेसच्या मावशी मात्र म्हणाल्या, "काऊन व बाई, आमच्या बोलन्यात हासासारखं काय हाये?" माझी आई अगदी असंच बोलते. मी गप्प बसले.

मग 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) पुन्हा पाहिला, या वेळी वही घेऊन. दिग्दर्शन सचिनचं, निर्मिती किरण शांताराम यांची, लेखन वसंत सबनीसांचं. मूळ कल्पना हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (१९६६) मधली. चार पोरांना जागा पाहिजे आणि घरमालकीण फक्त जोडप्यांनाच ठेवते. बस! दोघं साडी नेसतात आणि पार्वतीच्या डोहाळजेवणापर्यंत सगळं त्या एका अटीतून निघतं. एक खोटं टिकवायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. आपल्या भाषेत सांगायचं तर लोड एकच, पण तो प्रत्येक मेंबरमधून जातो.

सबनीस मूळचे सोलापूरचे, जन्म १९२३ चा. नोकरी सरकारी प्रसिद्धी खात्यात, आणि लिहिलं काय, तर कोतवालाच्या जागेसाठी चाललेल्या वशिलेबाजीवरचं लोकनाट्य, 'विच्छा माझी पुरी करा' (१९६५)! त्यातून दादा कोंडके घरोघरी पोचले. पुढे दादा स्वतः निर्माते झाले तेव्हा 'सोंगाड्या'च्या (१९७१) लेखनासाठी पुन्हा सबनीसच. त्यातला नाम्या गावरान बोलतो, पण हसू येतं ते तमाशाचं वेड आणि आईचा धाक यांच्या ओढाताणीचं. हे मला आधी दिसलंच नव्हतं.

मसुदा फाडला. नव्या स्किटमध्ये अमरावतीचा घरमालक फक्त 'शुद्ध' बोलणाऱ्यालाच रूम देतो. पोरगा पुण्याचा असल्याची थाप मारतो, आणि दुसऱ्याच दिवशी गावाहून त्याची आई डबा घेऊन येते. आईचे संवाद आधी मावशींना वाचून दाखवले. त्यांनी तीन शब्द बदलले आणि चौथ्याला स्वतःच हसल्या.