पलटण, पाणी आणि वाटणी

सातारा जिल्ह्यात पलटणीतून आलेला माणूस शिपाई असो की हवालदार, गाव त्याला 'मेजर'च म्हणतं. मीही असाच गावानं बढती दिलेला मेजर. नातवंडं "आबा, सांगा की" म्हणून मागं लागली म्हणून सांगतोय, आठवेल तसं.

1. पोहोचलात की आधी मोर्चा खोदा, मग बूड टेका. डिसेंबर 1971 मध्ये आमची जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा, ब्रह्मपुत्रा ओलांडून पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या पाठीमागे बसली. तिथं हातभर खणलं की पाणी; आमच्या कोरेगावच्या मुरमात पहारीला ठिणग्या उडतात. आमच्या ब्रिगेडियर क्लेरसाहेबांनी शरण येण्याची चिठ्ठी धाडली, तर जबाबाच्या कागदात गुंडाळलेली गोळी आली. 10 तारखेच्या रात्री पाकिस्तानी शिपाई ठाणं सोडून आमच्याच बाजूनं निसटायला निघाले. हुकूम येईतोवर घोड्यावरचं बोट हलवायचं नव्हतं. भीती वाटली का, असं पोरं विचारतात. मला ओल्या मोज्यांतली थंडी जास्त आठवते. सकाळी उजाडल्यावर काय दिसलं, ते मी घरात कधी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

2. मनीऑर्डरीनं घर चालतं, हे पोस्टमनचं म्हणणं. 1972 च्या दुष्काळात सुट्टीवर आलो तर विहिरीचा तळ दिसत होता आणि घरची दुष्काळी कामावर खडी फोडत होती. तळहाताला फोड, ताटात मिलोची लाल भाकरी, पोरांच्या हातात सुकडी. पुढं मला 'पूर्वी स्टार' हे पदक मिळालं. तिचं नाव फक्त हजेरीपत्रकावर राहिलं.

3. पेन्शनीत आल्यावर वर्षभर तोंड आवरा. शिपाई ऐन उमेदीत घरी येतो आणि पहाटे पाचला अंगणात सगळ्यांचा रोलकॉल घ्यायला लागतो. अशी दोन-तीन घरं मोडताना मी पाहिली. आपल्या माघारी थोरल्या भावानं रान राखलेलं असतं. "दादा, आज पाणी कुठल्या वाफ्याला?" एवढंच विचारावं.

4. आल्याच्या भरवशावर लग्नाची तारीख धरू नका. अक्षय तृतीयेच्या सुमारास लागण केली, पावसात सरीत पाणी तुंबलं की गड्डा कुजला. चर आधी, खत नंतर. दर पडला तर आलं काही महिने जमिनीतच राखता येतं, पण सोसायटीचं व्याज थांबत नाही. घरखर्चाला घेवडा हवाच.

5. हयातीचा दाखला नोव्हेंबर लागताच द्या. शेवटच्या आठवड्यात रांग लागते आणि खुरप्यानं झिजलेला अंगठा त्या मशीनवर काही केल्या उमटत नाही. आपण जिवंत आहोत हे पटवायला चार-चार वेळा बोट पुसावं लागतं.

6. वाटणी आपल्या पायानं तलाठ्याकडं जाता येतंय तोवर करा. आमच्याकडं म्हातारा गेला की तेराव्यानंतर बहिणींच्या पुढं हक्कसोडीचा कागद सरकवतात, वर साडीचोळी. मला ते कधीच पटलं नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित रानात लेकीचा हिस्सा मुलाएवढाच आहे. मी लेकीसकट तिन्ही पोरांना समोर बसवलं आणि बांध ठरायच्या आधी विहिरीच्या पाळ्या लिहून काढल्या. भांडण मातीवरून कमी आणि रात्रीच्या लाईटीवरून जास्त होतं. धाकटा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. थोरल्या सुनेनं मात्र चहा देताना हळूच विचारलं, "आबा, माझ्या माहेरीपण असंच बोलाल का?" मी गेलो. तिच्या वडिलांनी जेवू घातलं, विषयाला हात लावू दिला नाही. दिवाळीला पुन्हा जाणार आहे.

लेकीनं तिच्या तुकड्यात वाघ्या घेवडा केलाय. मजुरी परवडत नाही म्हणून जावई कुरकुरतात. ते त्या दोघांचं.