पुणे-नाशिक रोडवरच्या ऑटो वायरमनचे बोल

भोसरी, तळवडे, निघोजे, महाळुंगे या पट्ट्यात गाडीचा एखादा तरी भाग ज्यांच्या हातून जातो अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. टेल्को आणि बजाज आले तेव्हापासून हे चालत आलंय, आणि २००९ नंतर चाकणला मोठे कारखाने उभे राहिले तसं ते वाढतच गेलं. तरीही रिमोट चालेनासा झाला किंवा मागचा दिवा बंद पडला की हीच माणसं गोंधळतात. त्यात त्यांचा दोष नाही. लाइनवर एकाच्या वाट्याला एकच काम येतं, आणि अख्ख्या गाडीची वायर कुठून कुठे जाते हे पाहायची वेळ कुणावर येत नाही. एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी, म्हणून गुरुवारी माझ्याकडे सगळ्यात जास्त गर्दी असते. माझ्या दुकानात वर्षानुवर्षं जे पाहिलं ते लिहितो.

१. आधी विचारा, मग पेचकस उचला.

निम्मा फॉल्ट गाडीवालाच सांगतो, आपण नीट ऐकलं पाहिजे. ब्रेक लाइट एकच बंद आहे की दोन्ही? एकच असेल तर बल्ब किंवा होल्डर बघायचा. दोन्ही बंद आणि काचेजवळचा तिसराही बंद असेल, तर तिन्ही बल्ब एकाच दिवशी जात नाहीत. ब्रेक पेडलवरचा स्विच किंवा फ्यूज तपासा. उलट, ब्रेक लाइट रात्रभर चालूच राहून सकाळी बॅटरी बसलेली असेल, तरी आधी पेडलपाशीच वाका. स्विचची दांडी ज्या छोट्या प्लॅस्टिकच्या बुचावर टेकते ते जुनं होऊन भुगा होतं, आणि पाय काढला तरी स्विच सुटत नाही. गाडीत पायाशी प्लॅस्टिकचे बारीक तुकडे दिसले की निदान तिथेच झालं.

अप्पर लागतो, डिपर लागत नाही, आणि तेही एकाच बाजूला, तर बल्बची एक तार गेली आहे. हॅझार्डला चारही इंडिकेटर लुकलुकतात आणि दांडीने एकही नाही, तर बल्ब आणि मागची वायर ठीक आहे. खोट दांडीच्या स्विचमध्ये किंवा त्याच्या फ्यूजमध्ये. एका बाजूची टिकटिक फार जलद झाली, तर त्या बाजूचा पुढचा किंवा मागचा बल्ब गेलाय. गाडीने हे सगळं आधीच सांगितलेलं असताना लोक अख्खी लाइट बदलून घेतात, याचं मला वाईट वाटतं.

२. रिमोटचा सेल नंबर बघूनच घ्या.

सीआर २०३२ या नंबरातच माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. दुकानदार २०२५ देतो, कारण व्यास तोच. पण तो जाडीला २.५ भरतो, पत्र्याच्या पात्यांना सैल बसतो, आणि रिमोट खिशात हलला की कधी चालतो, कधी नाही. नवा सेल ३ व्होल्टच्या किंचित वर दाखवतो. २.८ च्या खाली गेलेला असेल तर बदलाच, मात्र मीटर बरोबर दाखवतोय म्हणून जुन्या सेलवर भरवसा ठेवू नका. बटण दाबताक्षणी करंट मागितला की दमलेला सेल लगेच खाली बसतो, आणि नुसत्या मीटरला ते कळत नाही. सेल बसवण्याआधी कोरड्या कपड्याने पुसून घ्या. बोटाचं तेल आणि शॉपमधलं कूलंट दोन्ही पात्यांवर थर धरतात.

३. रिमोट मेला म्हणून गाडी मेली असं नाही.

रात्रपाळी सुटल्यावर कंपनीच्या पार्किंगमधून फोन येतात, "दादा, गाडी उघडतच नाही, टो करू का?" आधी लोखंडी चावी काढा. बटणस्टार्टवाल्या रिमोटच्या पोटातही ती असते, बाजूचं बारीक बटण दाबलं की सुटते. अशी चावी लावून उघडल्यावर कधीकधी अलार्म वाजतो. घाबरू नका, गाडी चालू झाली की थांबतो.

चालू कशी करायची? इमोबिलायझरची चिप सेलवर चालत नाही. गाडीतली कॉइल १२५ किलोहर्ट्झच्या आसपासची लहर सोडते, त्यातूनच चिपला वीज मिळते आणि ती उत्तर देते. म्हणून साध्या चावीची गाडी सेल संपला तरी सुरू होते. बटणस्टार्टच्या गाडीत रिमोट थेट बटणाला टेकवून ब्रेक दाबा आणि मग बटण दाबा. काही मॉडेलांत त्यासाठी कप होल्डरमध्ये किंवा स्टिअरिंगच्या बाजूला ठरलेली जागा असते. ती जागा मॅन्युअलमध्ये दिलेली आहे. गाडी घेतली त्याच आठवड्यात वाचून ठेवा, कारण ही वेळ येते तेव्हा मॅन्युअल बंद गाडीच्या डॅशबोर्डमध्ये असतं.

४. जागा बदलून बघा.

रिमोट ठरावीक ठिकाणीच चालत नसेल तर रिमोट उघडायची घाई करू नका. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे रिमोट ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात, आणि सोसायटीच्या गेटचे रिमोट, वायरलेस बेल, सेन्सर अशी बरीच उपकरणं त्याच पट्ट्यात असतात. गाडी पन्नास पावलं पुढे ढकलली आणि रिमोट चालला, तर दोष हवेत आहे. गाडीतला स्वस्त मोबाइल चार्जर किंवा बाहेरून बसवलेली एलईडी पट्टीसुद्धा हा गोंगाट करते. ती काढून एकदा बघा.

मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर बटण दाबून उजेड दिसतो का, हे टीव्हीच्या रिमोटला लागू आहे. गाडीचा रिमोट रेडिओ लहर सोडतो, कॅमेऱ्यात काही दिसणार नाही. नवा सेल टाकूनही काही होत नसेल आणि मुलांनी घरात बसून बटण खूप दाबलं असेल, तर गाडी आणि रिमोट यांचा बदलता कोड एकमेकांपासून लांब गेलेला असू शकतो. काही गाड्यांत इग्निशन चालू करून बटण धरलं की तो पुन्हा जुळतो, काहींना स्कॅनर लागतो.

५. अर्थ, म्हणजे करंटचा परतीचा रस्ता.

या एका गोष्टीवर मी दिवसभर बोलू शकेन. खेडहून एक ड्रायव्हर आला होता. "दादा, ब्रेक दाबला की इंडिकेटर पण पेटतोय, आणि पार्किंग लाइट मंद होतोय." त्याने बल्ब बदलले होते, दांडीचा स्विच बदलला होता. त्याच्या टेललॅम्पची काळी वायर जिथे बॉडीला बोल्टने धरली होती, तिथे डेंटिंग-पेंटिंगनंतर रंगाचा थर बसला होता. करंटला परत जायचा रस्ता मिळाला नाही की तो शेजारच्या बल्बच्या तारेतून वाट काढतो, आणि मग ब्रेक दाबल्यावर नको तो दिवा लागतो. बोल्ट काढला, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत केला, आवळून वर ग्रीस लावलं. बाकी कशाला हात लावावा लागला नाही.

तपासायची रीत सोपी आहे. दिवा चालू ठेवा, मीटरची एक टोची बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी दिव्याच्या अर्थला लावा. ०.१ किंवा ०.२ व्होल्ट दिसले तर ठीक. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर तेवढं पाणी वाटेतच मुरतंय. दिवा बंद ठेवून ही चाचणी केली तर काहीच दिसत नाही, हे मी शिकायला येणाऱ्या पोरांना पुन्हा पुन्हा सांगतो. आपल्याकडचा पाऊस जून ते सप्टेंबर, आणि अर्थच्या तक्रारी ऑक्टोबरपर्यंत येत राहतात, कारण तांब्यावरचा हिरवा गंज हळूहळू आत सरकतो.

६. फ्यूज वायरला वाचवायला असतो.

१० चा उडाला तर १० चाच टाका. पुन्हा उडाला तर शॉर्ट शोधा. ३० चा टाकून शॉर्ट जात नाही, वायर तापते. डिकीच्या बिजागरीजवळ रबरी नळीतून हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, वाकतो, तिथे आधी बघा. पावसाळ्यात उंदीर बोनेटच्या उबेला येतात आणि वायर कुरतडतात, शेताकडेच्या पार्किंगमध्ये तर हमखास.

७. जास्त उजेड म्हणजे चांगला उजेड असं समजू नका.

एच४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. त्या जागी १००/९० टाकला की होल्डर करपतो, रिफ्लेक्टरची चकाकी जाते, आणि काही महिन्यांत पहिल्यापेक्षा कमी दिसू लागतं. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बसवला की उजेड तारेच्या नेमक्या जागेवरून निघत नाही, डिपरची कापलेली रेघ पुसते आणि समोरच्याच्या डोळ्यांत जाते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो की पुढून ८ मीटरवर, दीड मीटर उंचीच्या डोळ्यांना डिपरने दिपवता कामा नये. कुणाला तरी गाडीत बसवा, स्वतः सुमारे आठ मीटर पुढे जाऊन थोडं वाका आणि बघा.

८. नव्या गाडीत वायर टोचू नका.

नव्या गाड्यांत दिव्यांना करंट बॉडी कंट्रोल मॉड्यूल देतं आणि तो मोजतंही. एलईडी बल्ब कमी करंट घेतो, म्हणून मॉड्यूलला बल्ब गेल्यासारखा वाटतो. वारंवार शॉर्ट झाला तर काही गाड्यांत ते ती लाइनच बंद ठेवतं. फ्यूज शाबूत, बल्ब शाबूत, तरी अंधार. कॅमेरा, फॉगलॅम्प, हॉर्न यांसाठी वायर टोचून मारलेला टॅप आधी सोडवा, मग स्कॅनर लावा.

९. मागचे दिवे रोज बघा.

स्वतःचा टेललॅम्प ड्रायव्हरला कधीच दिसत नाही. मोशीपासून चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत पाळी सुटताना बस, कंटेनर, दुचाकी एकाच पट्ट्यात घुसतात, आणि उसाच्या हंगामात बिनदिव्याच्या ट्रॉल्याही. मावळतीनंतर अर्ध्या तासाने दिवे लागलेच पाहिजेत असा नियम १०५ आहे. संध्याकाळी शटरला किंवा भिंतीला पाठ करून गाडी लावा, पार्किंग लाइट लावा, ब्रेक दाबा, रिव्हर्स टाका. आरशात भिंतीवरचा लाल आणि पांढरा उजेड डावी-उजवीकडे सारखा पडतो का बघा. मिनिटभराचं काम आहे आणि मदतनीस लागत नाही.

ट्रॉलीला दिवे लावायला कुणी आलं की मी प्लग-सॉकेट बसवतो, कारण ट्रॉली कधी या ट्रॅक्टरला, कधी त्या ट्रॅक्टरला लागते. वायर नळीतून नेतो. आणि अर्थची वेगळी वायर ट्रॅक्टरपर्यंत नेतोच. गंजलेल्या हुकातून अर्थ मिळेल असं धरून चाललं की पहिल्या खड्ड्यात दिवा जातो.