हात धुण्याची सवय आणि शाळेतील नळ

दिंडोरी तालुक्याची ओळख आज द्राक्षबागांचा तालुका अशी आहे. कादवेच्या खोऱ्यात करंजवण, वाघाड, पालखेड, ओझरखेड ही धरणे झाली आणि बागायत वाढली. वाघाडच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांनी तर पाणीवापर संस्था स्थापून पाणी मोजून घेण्याचा पायंडा पाडला. बागेसाठी पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या या तालुक्यात शाळेच्या नळाचाही हिशेब एकदा मांडून पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

शालेय पोषण आहाराच्या निकषांप्रमाणे प्राथमिक शाळेतील मुलास दररोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावयाची असतात. परंतु पोटात जंत असतील किंवा वरचेवर हगवण लागत असेल, तर या आहाराचा लाभ अंगी लागत नाही. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळाशाळांतून अल्बेंडॅझोलची गोळी दिली जाते. गोळीने पोटातील जंत मरतात. मात्र मातीने माखलेल्या हातांनी मूल पुन्हा जेवावयास बसले, की जंतांची अंडी पुन्हा पोटात जातात. (अंकुशकृमी मात्र अनवाणी पायांतून शिरतो, त्यासाठी चप्पलच हवी.) गोळी वर्षातून दोन वेळा देता येते, हात मात्र रोज धुवावे लागतात.

साबणाने हात धुण्याचा प्रभाव किती, याचा एक अभ्यास कराचीच्या गरीब वस्त्यांत झाला व २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरांना साबण देण्यात आला आणि ज्यांच्याकडे कार्यकर्ते नियमाने जात राहिले, तेथील मुलांत हगवणीचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले; पाच वर्षांखालील मुलांतील न्यूमोनियाही निम्म्यावर आला. साधा साबण व जंतुनाशक साबण यांच्या परिणामात फरक आढळला नाही, ही गोष्ट खरेदी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आपल्याकडे परिपाठाच्या वेळी नखे तपासली जातात, भिंतीवर घोषवाक्ये रंगविली जातात, १५ ऑक्टोबरला हात धुवा दिन साजरा होतो. हे सारे योग्यच आहे. पण साठ मुलांच्या शाळेत एकच नळ असेल, तर काय घडते? नीट हात धुण्यास एका मुलास किमान ४० सेकंद लागतात. साठ मुलांना ४० मिनिटे लागतील. जेवणाची सुट्टी तेवढ्यातच संपते. शिक्षक मग नाइलाजाने "चला, आटपा" म्हणतात आणि मुले बोटे भिजवून ताटावर बसतात. मुले ऐकत नाहीत, असे म्हणण्यापूर्वी हा हिशेब करावा. आडव्या पाइपास सहा तोट्या बसविल्या, तर तेच काम सात मिनिटांत होते. पाणीही फार लागत नाही: एका मुलास पाव लिटर धरले, तरी १५ लिटर पुरते.

साबणाची गोष्ट वेगळी. वडी उघड्यावर ठेवली तर कावळा नेतो, पाण्यात पडली तर विरघळून जाते, आणि कपाटात ठेवली तर ती तेथेच राहते! यावर सोपा उपाय म्हणजे दीड लिटरच्या बाटलीत सुमारे ३० ग्रॅम धुण्याची पावडर विरघळवून झाकणास भोक पाडणे व बाटली तोटीजवळ बांधणे.

जेथे नळच नाही, तेथे दोरीला डबा टांगून, पायाने काठी दाबून तो कलता करण्याची युक्ती उपयोगी पडते. येथे मात्र एक इशारा आवश्यक आहे. द्राक्षबागांच्या गावी फवारणीच्या औषधांचे रिकामे डबे कोठेही सापडतात, दिसण्यासही मजबूत असतात. असा डबा कितीही वेळा धुतला, तरी मुलांच्या पाण्यासाठी कदापि वापरू नये. असे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, असे १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच सांगितले आहे. डबा खाद्यतेलाचाच घ्यावा.

खर्चाचा प्रश्न तितकासा अवघड नाही. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावयाचा असतो. सहा तोट्यांचा खर्च त्यात बसण्यासारखा आहे. अवघड असते ते पुढचे. तोटी गळू लागली तर कोणी बदलावी, बाटली कोणी भरावी, हे ठरलेले नसते, म्हणून बांधलेली जागा वर्षभरात कोरडी पडते. शाळा व्यवस्थापन समितीने महिन्याच्या बैठकीत हा विषय घ्यावा व जबाबदार व्यक्तीचे नाव फळ्यावर लिहावे.

द्राक्षहंगामात पेठ, सुरगाणा भागातून मजूर कुटुंबे बागांवर येतात. त्यांची मुले पटावर असोत वा नसोत, बागेतून आलेल्या त्या हातांवर मातीबरोबर फवारणीचाही अंश असू शकतो. तोट्यांची संख्या ठरविताना या मुलांचीही मोजदाद करावी.