फोर्डबाईंचे घर

अमेरिकेत मॉरिसटाउन गावी एक मोठे लाकडी घर आहे. ते फोर्डबाईंचे. १७७९ साली अमेरिकेचे लोक इंग्रजांच्या राज्याविरुद्ध लढत होते. बाईंचा नवरा दोन-तीन वर्षांमागेच वारलेला. पदरी चार मुले. डिसेंबरात सेनापती वॉशिंग्टन आपल्या माणसांसह तिथे राहायला आले. बाईंकडे उरल्या दोन खोल्या.

त्या हिवाळ्यात थंडी अशी, की विचारू नका! स्वयंपाकघरात सेनापतींची अठरा माणसे, शिवाय बाईंची सगळी. सर्दीने कुणाला धड बोलता येईना. सेनापतींनी स्वतःच पत्रात तसे लिहिले आहे. जवळच्या रानात झोपड्यांतले शिपाई तर उपाशी होते.

जूनमध्ये सेनापती गेले. पुढे ते देशाचे पहिले अध्यक्ष झाले. १९३३ पासून सरकार ते घर सांभाळते. पाहायला गेलात, तर आधी स्वयंपाकघर बघा.