ट्रॉम्सो ते लाँगयिअरब्येन : अनुभवाचे बोल

१. अंतर अक्षांशांवरून काढावं. उत्तर नॉर्वेतलं ट्रॉम्सो सुमारे ६९.६ अंशांवर, स्वालबार्ड बेटांवरचं लाँगयिअरब्येन ७८.२ अंशांवर आणि रेखांशांत फरक थोडाच. अंशाला १११ किलोमीटर धरले की हिशेब जातो साधारण ९५० किलोमीटरवर, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षाही कमी. भिंतीवरच्या नकाशात ते अफाट दिसतं, कारण मर्केटरच्या नकाशात ध्रुवाकडचा भाग ताणला जातो.

२. विमान पावणेदोन तासांच्या आत पोचवतं, पण त्या आकड्यावर दिवस आखू नये. धुकं उतरलं की विमान रखडतं, रद्द होतं, कधी वरूनच मागे फिरतं. मध्ये बॅरेंट्स समुद्र, त्यामुळे गाडीरस्त्याचा प्रश्नच नाही. परतताना ऑस्लोहून मायदेशी निघण्याआधी एक रात्र तरी हाताशी ठेवा, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

३. साधारण एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत लाँगयिअरब्येनला सूर्य मावळत नाही. रात्री उशिराचं विमानही लख्ख उन्हात उतरतं. डोळ्यांवर बांधायची पट्टी न्यावी.

४. या पावणेदोन तासांची किंमत कळायला जुना काळ आठवावा. कायमची धावपट्टी झाली १९७५ साली. त्याआधी हिवाळ्यात फ्योर्ड गोठला की जहाजं बंद, आणि खाणकामगारांची कुटुंबं वसंतापर्यंत अडकलेली. धावपट्टीखालची जमीन बारमाही गोठलेली असते. आता तीच वितळू लागल्यामुळे वरचा पृष्ठभाग खचतो, पुन्हा पुन्हा दुरुस्त करावा लागतो. मला त्या गावाची खरी काळजी वाटते ती इथे. आणखी वर, सुमारे ११० किलोमीटरवर, नी-ऑलेसुंड. तिथे २००८ पासून भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे. छोटं विमान अर्ध्या तासाच्या आत नेतं, पण ते मुख्यतः संशोधक आणि कर्मचाऱ्यांसाठी. आपली माणसं तिथे बर्फाचा अभ्यास करतात, याचा अभिमान वाटतो.

५. आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचं हे. स्वालबार्डला जायला व्हिसा लागत नाही. १९२० च्या स्वालबार्ड करारात भारतही आहे. पण तिथे जायची वाट नॉर्वेतून, आणि त्यासाठी शेंगेन, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांचा सामायिक, व्हिसा लागतो. नॉर्वे शेंगेनमध्ये असला तरी स्वालबार्ड शेंगेनबाहेर आहे. ऑस्लोहून आलेलं विमान ट्रॉम्सोला थांबलं की सगळ्यांना हातातल्या सामानासकट उतरवतात. रांगेत माझ्यापुढचे आजोबा हातमोजा दातांत धरून पासपोर्टचं पान शोधत होते. ते पान तपासून झालं की तुम्ही शेंगेनच्या बाहेर. परत येताना तो नवा प्रवेश धरला जातो, आणि एकाच प्रवेशाचा व्हिसा तोवर वापरून झालेला असतो. म्हणून अर्जात एकापेक्षा जास्त प्रवेशांचाच व्हिसा मागा. पासपोर्ट हाती आला की प्रवेशसंख्येच्या रकान्यात '०१' छापलंय की 'मल्ट', ते तिकीट काढण्याआधी वाचा.