गाडीखाली आडवं पडून काढायचा भाव

नेर (परसोपंत), जि. यवतमाळ

चि. बाबू,

तू पाठवलेले फोटो पाहिले. लाल रंग, टप खाली केलेला, मागे समुद्र. गाडी देखणी आहे, वाद नाही. मालक साडेसहा लाख म्हणतो आणि तू विचारतोस, "मामा, भाव बरोबर आहे का?" बाबू, फोटोवरून एवढंच कळतं की मालकाला फोटो काढता येतात. त्यात गाडीखालचा एकही नाही, आणि या गाडीचा भाव तिथेच ठरतो.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. स्टँडर्ड हेराल्ड म्हणजे विलायतच्या ट्रायम्फ हेराल्डचं मद्रासी रूप. स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती १९६१ पासून तिथे बनवली. आकार मिकेलोत्ती या इटालियन माणसाने दिलेला, इंजिन अवघं ९४८ सीसीचं. तू तिला स्पोर्ट्स कार म्हणतोस. म्हण बापा, पण घाटात मागून येणारी अल्टो हॉर्न वाजवेल तेव्हा रागावू नको. नातं मात्र खरं आहे: ट्रायम्फने १९६२ साली स्पिटफायर काढली ती हेराल्डचीच चेसिस आखूड करून. या नात्याचा तुला फायदा असा, की इंजिन, ब्रेक, सस्पेन्शनचे पुष्कळ भाग इंग्लंडात आजही नवे मिळतात. ड्युटी आणि कुरिअरचा खर्च पडला तरी मिळतात हे महत्त्वाचं. म्हणून इंजिन धूर मारतं म्हणून घाबरू नको. इंजिन कोणताही जुना मिस्त्री आणि एक बरा लेथवाला मिळून उभं करतात. घाबरायचं ते पत्र्याला.

हेराल्डची चेसिस वेगळी आणि बॉडी तुकड्यातुकड्यांनी तिच्यावर बोल्टांनी कसलेली. बोनेट पाहिलंस ना, दोन्ही मडगार्डांसकट आख्खं पुढे उलटतं. ते बंद असताना दाराजवळची फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का ते बघ. एका बाजूला बोट जातं आणि दुसऱ्या बाजूला नखही जात नाही, तर समोरून ठोकलेली गाडी समज. मग दार उघड, थोडं वर उचल, परत लाव. लागताना खटकलं तर बिजागरी झिजलीय किंवा खालची चौकट बसलीय, आणि दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. यातलं कोणतं ते कळायला खाली शिरायचं. चेसिसच्या मुख्य दांड्यांतून बाजूला निघालेले हात असतात, बॉडी त्यांच्यावर टेकते. गंज तिथे आधी बसतो, आणि ही गाडी ठाण्याची, म्हणजे खारी हवा खाल्लेली. पेचकसाची मूठ घेऊन ठोकत जा. चांगलं लोखंड खणकन वाजतं, कुजकं बद्द. वरच्या पत्र्यावर लोहचुंबक फिरव; जिथे ते चिकटत नाही तिथे पुट्टी. वरून कीर्तन आतून तमाशा, ही म्हण डेंटिंग-पेंटिंगवाल्यांसाठीच झाली असावी.

आता टपाचं. हेराल्डचं छप्परही बोल्टांवरच असतं. दोन माणसं पाने घेऊन बसली तर ते उतरतं. त्यामुळे साधी बंद हेराल्ड घेऊन, छप्पर काढून, उघडी म्हणून विकणं सोपं, आणि उघडीला भाव जास्त. म्हणून कापडी टप पूर्ण चढवून दाखवा म्हण. सांगाडा नीट बसतो का, काचा वर घेतल्यावर कापडाला मिळतात का, ते पाहा. आरसी बुकात बॉडीचा प्रकार काय लिहिलाय तेही वाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या, कारखान्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलंय. आरसीत 'सलून', म्हणजे बंद, आणि समोर उघडी, तर तू गाडीसोबत भांडणही विकत घेतोयस. तिचा भाव बंद गाडीपेक्षाही कमी धर.

यांत्रिक तपासणी मी दोनच सांगतो, बाकी तुझा पुण्याचा मिस्त्री पाहील. एकाला क्लच दाबायला बसव, आणि तू समोरून क्रँकच्या पुलीवर नजर ठेव. पुली पुढे-मागे सरकताना डोळ्याला दिसली तर थ्रस्ट वॉशर संपलेत. ते गळून पडले की क्रँक ब्लॉकला खात सुटतो. दुसरं, मालकाला सहज विचार: "पुढच्या ट्रनियनमध्ये काय घालता?" चाकाच्या खालच्या अंगाला तो पितळी सांधा असतो, आणि त्यात ग्रीस नव्हे, गिअर ऑइल घालायचं असतं. ग्रीस भरत राहिलं की आतला लोखंडी दांडा गुपचूप गंजतो आणि एखाद्या वळणावर मोडून चाक आडवं पडतं. मालक "गिअर ऑइल" म्हणाला तर गाडी प्रेमाने सांभाळली समज. "ते ड्रायव्हर बघतो" म्हणाला तर दांड्यांचा खर्च वजा कर.

मग भाव कसा काढायचा? आपल्याकडच्या बैलबाजारात दलाल दुपट्ट्याखाली बोटं धरून सौदा करतो, बाजूला उभ्या माणसाला आकडा कळत नाही. जुन्या गाड्यांचा बाजार तसाच आहे. जाहिरातीत दिसतो तो मागितलेला भाव. सुटलेला भाव दोघांच्या पोटात. तेव्हा दहा जाहिरातींची सरासरी काढून मला पाठवू नको. पुण्या-मुंबईत विंटेज रॅल्या होतात, तिथे हेराल्डवाले भेटतात. त्यांना भाव विचारलास तर ते हसतील. "घेतल्यावर किती लागले?" विचार, म्हणजे बोलायला लागतील, आणि बोलता बोलता खरेदीचा आकडाही येईल.

समज, अगदी उत्तम उघडी हेराल्ड खरोखर सात लाखांना सुटल्याचं दोन-तीन तोंडांतून कळलं. (आकडे हिशोब दाखवण्यापुरते, बाजाराचे नव्हेत.) या गाडीला चेसिसचं काम ८० हजार, टप ६० हजार, ट्रनियन-ब्रेक-टायर ५० हजार, झाले १ लाख ९० हजार. जुन्या गाडीत अंदाजाची दीडपट होते, पत्रा सोलल्यावर नवीनच काही निघतं. म्हणजे २ लाख ८५ हजार. सातातून ते वजा केले की उरतात ४ लाख १५ हजार, आणि तुझा आकडा तो. मालक म्हणेल, "मी तीन लाख लावलेत." लावले असतील. पण लावलेले पैसे आणि भाव या वेगळ्या गोष्टी. चेसिस उघडी असतानाचे फोटो आणि बिलं दाखवली तर त्या तीन लाखांना मान दे. नुसत्या रंगाला आणि क्रोमला देऊ नको.

याची दुसरीही बाजू आहे. गाडी खरोखर खणखणीत निघाली तर साडेसहा दे आणि घेऊन ये. कुणीतरी आधीच झीज सोसून केलेली गाडी, स्वतः करण्यापेक्षा स्वस्तच पडते. वीस हजारांसाठी तोंड फिरवून चांगली वस्तू हातची घालवणारे मी पुष्कळ पाहिलेत. आणि उद्या कुणा म्हाताऱ्या बाईकडे नवऱ्याची गाडी पडून दिसली, तिला भाव ठाऊक नसला, तर तो तू तिला सांगायचास. आपल्या भागात असे सौदे नातवंडांपर्यंत लक्षात राहतात.

कागदांत कंटाळा करू नको. चेसिस नंबर पेन्सिलने घासून कागदावर उतरव आणि आरसीशी अक्षर-अक्षर ताडून पाहा, वाहन पोर्टलवरही बघ. महाराष्ट्रातच बनलेल्या डीसी अवंती या स्पोर्ट्स कारचं प्रकरण आठव: एकाच चेसिस नंबरवर एकापेक्षा जास्त राज्यांत नोंदणी झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी २०२० च्या डिसेंबरात कारवाई केली. दिल्लीची स्वस्त गाडी कुणी दाखवली तर आधी विचार कर. तिथे १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश आल्यापासून त्या स्वस्त दिसतात, पण एनओसी आणि इथला कर भरल्यावर स्वस्ताई उरत नाही.

शेवटी एक गोष्ट तुलाच ठरवायची आहे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार, दहा वर्षांसाठी. नंबरात 'व्हीए' येतं, रुबाब येतो. पण मग ती रोज रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल-दुरुस्ती एवढ्यापुरतीच. दिवाळीला टप खाली करून पुण्याहून नेरला यायचं तुझं स्वप्न असेल तर साधी नोंदणीच चालू पाहिजे. तिच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० ची ५ हजार झाली, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांना १० हजार. शिवाय पासिंग आणि पर्यावरण कर. या गाडीची साधी नोंदणी कधीपर्यंत आहे ते मालकाला पहिल्याच फोनवर विचार. संपली असेल तर तो खर्च आणि हेलपाटे त्याच्या भावातून कापायचे.

रविवारी जाशील तर भर उन्हात जा, संध्याकाळी नको. संध्याकाळच्या उजेडात पुट्टी दिसत नाही. जुने कपडे, टॉर्च, लोहचुंबक घे. आपण येईपर्यंत इंजिन चालू करू नका असं मालकाला कळव, थंड इंजिन काय बोलतं ते ऐकायचंय. इसार देण्याआधी मला फोन कर. ताईला मी अजून काही बोललो नाही. ते काम तुझं, आणि तिला आकडा खरा सांग, दुपट्ट्याखालचा नको.

तुझा,
मामा