प्रवेश देणारे वेगळे, डॉक्टर ठरवणारे वेगळे

मेडिकलचं कॉलेज बदलायचं म्हटलं की घरचे पहिला प्रश्न विचारतात, ‘तिकडे सीट मिळेल का?’ परदेशात सीट मिळते. फी भरणारा विद्यार्थी कुणाला नको असतो? खरी परीक्षा पुढे असते. पदवी, गुणपत्रकं आणि पासपोर्ट घेऊन आपण भारतात नोंदणीसाठी जातो, तेव्हा शिक्षण कुठे, किती आणि कसं झालं हे तपासलं जातं. ती तपासणी करणाऱ्यांना नव्या कॉलेजच्या गोड पत्राशी काही देणंघेणं नसतं.

24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा मी तिथे तिसऱ्या वर्षाला होतो. सीमा ओलांडून रोमानियात पोहोचलो आणि भारतीयांना परत आणणाऱ्या ‘ऑपरेशन गंगा’च्या विमानाने परतलो. भारतातल्या कॉलेजांत सामावून घेतील, अशी आशा आम्हा सगळ्यांनाच होती. कायद्यात तशी तरतूद नाही, असं केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं आणि ती आशा मावळली. आमची क्रोक-1 ही तिथल्या मेडिकल विद्यार्थ्यांसाठीची राष्ट्रीय परीक्षा युक्रेनने पुढच्या शैक्षणिक वर्षावर ढकलली होती. घरी लॅपटॉपवर तास चालू होते, पण वॉर्डात पेशंटसमोर उभं राहिल्याशिवाय क्लिनिकल शिक्षण होत नाही, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

सप्टेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, म्हणजे एनएमसीने, युक्रेनच्या ‘अकॅडेमिक मोबिलिटी’ला ना-हरकत दिली. विद्यार्थ्याने तात्पुरतं दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात शिकायचं, पदवी मात्र मूळ युक्रेनी विद्यापीठाचीच राहणार. युद्धामुळे दिलेली ही खास सवलत होती. त्याच आठवड्यांत एजंटांचे फोन सुरू झाले. आमच्या भागातला एक जण प्रत्येकाला सांगायचा, ‘जुन्या कॉलेजातून नाव काढ, नवीन ठिकाणी पुढच्या सेमिस्टरला बस, डिग्रीही तिथलीच घे.’ मोबिलिटी आणि कायमची बदली त्याने एकाच पुडीत बांधून विकायला काढली होती. एका सीनियरने आयोगाची सूचना पाठवली, ‘आधी हे वाच’ म्हणाला, म्हणून मी मूळ विद्यापीठातलं नाव कायम ठेवून जॉर्जियाला गेलो.

तरीही वाट सोपी नव्हती. दोन्हीकडे अभ्यासक्रम सहा वर्षांचा, दोन्हीकडे क्रेडिटची पद्धत. त्यामुळे कागदावर सगळं जुळतं. प्रत्यक्षात विषयांचा क्रम वेगळा निघतो. युक्रेनमध्ये जो विषय झालेला असतो तो जॉर्जियात अजून शिकवायचा असतो, आणि जॉर्जियात झालेला युक्रेनमध्ये बाकी. मधली तफावत भरून काढायला जादा विषय, जादा परीक्षा, कधी जादा फी. शिवाय स्थानिक भाषा पुन्हा पहिल्यापासून! पेशंट जॉर्जियन बोलतो. माझी मोडकीतोडकी युक्रेनियन वॉर्डात निरुपयोगी ठरली. क्रोक परीक्षांचं बंधन युक्रेनच्या पदवीसाठी होतंच. परतल्यावर एफएमजीई, म्हणजे परदेशी पदवीवर भारतात नोंदणीसाठी द्यावी लागणारी परीक्षा, 300 प्रश्न आणि पास व्हायला किमान 150 गुण, तीही सुटलेली नव्हती. ऑनलाइन झालेल्या तासांची प्रत्यक्ष वर्गांनी भरपाई झाली का, हेही विचारलं जातं. त्यासाठी विद्यापीठाचं पत्र लागतं आणि पासपोर्टवरचे शिक्के त्या पत्राशी जुळावे लागतात.

माझ्यानंतर गेलेल्यांची गोष्ट अधिक कडक आहे. 18 नोव्हेंबर 2021 पासून लागू झालेल्या नियमांनुसार परदेशातलं किमान 54 महिन्यांचं शिक्षण आणि त्यानंतरची 12 महिन्यांची इंटर्नशिप एकाच संस्थेत व्हावी लागते. माझ्या मावसभावाने 2022 मध्ये मध्य आशियात प्रवेश घेतला. दुसऱ्या वर्षी फी वाढली, तेव्हा त्याच्या एजंटने शेजारच्या देशातलं स्वस्त कॉलेज दाखवलं: ‘वर्ष वाया जाणार नाही, थेट तिसऱ्यात.’ वर्ष वाचलं असतं, पण भारतातल्या नोंदणीची दारं बंद झाली असती. आम्ही बसून हिशेब मांडला. वाढीव फी भरून तिथेच राहणं, किंवा दुसरीकडे पहिल्या वर्षापासून सुरुवात करणं, एवढेच दोन मार्ग उरत होते. तो तिथेच राहिला.

भारतातल्या एमबीबीएसमध्येही बदलीची वाट अरुंदच आहे. पूर्वी पहिली व्यावसायिक परीक्षा पास झाल्यावर मोजक्या जागांवर, पालकाचं निधन किंवा स्वतःचं अपंगत्व अशा कारणांसाठी बदली मिळायची. 2023 च्या नियमांनी ती बंद केली. त्या बंदीला एका विद्यार्थ्याने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. तरी मनाजोगं शहर मिळावं म्हणून कॉलेज बदलता येईल, असा त्या निकालाचा अर्थ कुणी काढू नये. आवडीचं कॉलेज मिळवायची वेळ केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या कॅप राउंडचीच. पसंतीक्रम भरताना ‘आत्ता मिळेल ते घेऊ, पुढे बदलून घेऊ’ हा विचार डोक्यातून काढून टाका.

आता कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो. पैसे भरण्यापूर्वी आपल्या प्रवेशाची तारीख कोणत्या नियमात बसते ते पाहा. एनएमसीच्या संकेतस्थळावरची मूळ सूचना स्वतः वाचा. एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेला तिचा फोटो पुरेसा नाही. शंका असेल तर आयोगाला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचं ‘हो, चालेल’ पुढे कुणीच मान्य करत नाही. विषयवार तास आणि क्रेडिट दाखवणारं ट्रान्सक्रिप्ट, अपॉस्टिल केलेल्या प्रती, फीच्या पावत्या, जुना पासपोर्ट, यातलं काहीही टाकू नका. जुनं कॉलेज सोडण्याच्या अर्जावर सही करायची ती अगदी शेवटी, नव्या ठिकाणी कोणते विषय मान्य केले हे लेखी हातात आल्यावरच. आणि एजंट घाई करत असेल, ‘आजच भरा, उद्या सीट जाईल’ म्हणत असेल, तर सीट जाऊ द्या. दुसरी मिळेल. गेलेली वर्षं मिळत नाहीत.